नेटवर्क ड्रायव्हरच्या हार्डवेअर सेटिंग्जचं डॉक्युमेंट: त्यात काय लिहायचं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकून वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागलेल्या एका इंजिनिअरने विचारलंय: “आमच्या गेटवे बोर्डवर लिनक्स आहे. इथरनेट चालू करून दिलं. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कसं जोडलंय ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणारी फाइल) त्याच्या दहा-बारा ओळी आहेत. आता साहेब म्हणतात, सेटिंग्जचं डॉक्युमेंट कर. प्रत्येक ओळीचा अर्थ लिहू का? चिपची डेटाशीट जोडली तर भागणार नाही का? आणि कर्नलमध्ये बाइंडिंग नावाची यामल फाइल असते, ती म्हणजेच हे डॉक्युमेंट का?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे गोंधळ झाला की पुढचं सगळं चुकतं. बाइंडिंग वेगळं आणि तुमच्या बोर्डची नोंद वेगळी. कोणत्या प्रॉपर्टी लिहिता येतात, त्यांचा प्रकार काय, कोणत्या किमती (मूल्यं) चालतात, सक्तीच्या कोणत्या, हे बाइंडिंग सांगतं. ते चिपपुरतं असतं आणि जगात ती चिप वापरणाऱ्या सगळ्यांसाठी एकच असतं. तुमच्या बोर्डवर त्यातली अमुकच किंमत का घातली, हे बाइंडिंगला ठाऊक नसतं. डेटाशीटलाही नसतं. चिप काय काय करू शकते ते डेटाशीट सांगते, पण तुमच्या लेआउटवाल्याने त्यातलं काय केलं ते फक्त स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या नकाशात) आणि त्याच्या डोक्यात असतं. साहेबांना हवंय ते हे डोक्यातलं.

मुळात या ओळी लागतात कशाला? पीसीआय कार्ड स्वतःची ओळख स्वतः सांगतं: कंपनीचा क्रमांक, डिव्हाइसचा क्रमांक, मेमरी किती हवी. एसओसीच्या (मुख्य प्रोसेसर चिपच्या) पोटातला मॅक (पाकिटं बांधणारा आणि सोडवणारा भाग) आणि त्याला तांब्याच्या ट्रेसने (बोर्डवरच्या रेघेने) जोडलेला फाय (केबलवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारी चिप) यांतलं बहुतेक काहीच सांगत नाहीत. पीसीआयच्या आधीच्या आयएसए स्लॉटच्या जमान्यात एनई२००० जातीच्या कार्डाला आयओ पत्ता आणि आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) जंपरने ठरवावा लागे आणि ड्रायव्हर लोड करताना तेच आकडे हाताने द्यावे लागत. शहाणे लोक ते आकडे कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहून ठेवत. जंपर गेले, पण तो कागद लागायचा थांबला नाही.

म्हणून प्रत्येक ओळीचा शब्दार्थ लिहू नका. “रेग म्हणजे रजिस्टरचा पत्ता” हे वाचून कुणाचंच काम होत नाही. प्रत्येक सेटिंगमागे चार गोष्टी लिहा. किंमत काय. ती कुठून आली, म्हणजे स्कीमॅटिकचं पान कोणतं, डेटाशीटची आवृत्ती आणि कलम कोणतं. तीच गोष्ट आणखी कोण ठरवू शकतं: स्ट्रॅप रेझिस्टर (चिप सुरू होताना पिनवर वाचते तो), बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम), फ्यूज (चिपमध्ये कायमची कोरलेली किंमत), की दुसरा एखादा ड्रायव्हर. आणि किंमत चुकली तर बाहेरून काय दिसतं. पहिल्या दोन बऱ्याच जणांच्या नोंदीत सापडतात, तिसरी क्वचित आणि चौथी जवळजवळ कधीच नाही. साइटवर उपयोगी पडतात त्या मात्र शेवटच्या दोनच.

फाय-मोडचं, म्हणजे मॅक आणि फाय कसे जोडलेत ते सांगणाऱ्या ओळीचं, उदाहरण घेऊ. या एका ओळीने जितका वेळ खाल्लाय तितका बाकी सगळ्या ओळींनी मिळून खाल्ला नसेल.

गिगाबिटला आरजीएमआयआय (मॅक आणि फाय यांच्यामधली जोडणी) १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालतं आणि क्लॉकच्या दोन्ही कडांवर चार-चार बिट जातात. म्हणजे एका चार-बिटी तुकड्याला ४ नॅनोसेकंद. क्लॉकची कड त्या ४ नॅनोसेकंदांच्या मधोमध पडली तरच डेटा नीट उचलला जातो, म्हणून क्लॉकला डेटाच्या तुलनेत सुमारे २ नॅनोसेकंद उशीर करावा लागतो. हा उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो: बोर्डवर क्लॉकची ट्रेस लांब ठेवून, मॅकमध्ये किंवा फायमध्ये. साध्या एफआर-४ बोर्डवर २ नॅनोसेकंद म्हणजे जवळपास ३० सेंटिमीटर जादा ट्रेस. तळहाताएवढ्या गेटवेवर तेवढी ट्रेस कोण वळवत बसतो? त्यामुळे हल्लीच्या बहुतेक बोर्डवर उशीर चिपच्या आतच होतो.

आता ओळीचा अर्थ. नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलं तर “उशीर बोर्डवरच्या ट्रेसने दिलाय, चिपने काही करू नये”. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे “बोर्डवर उशीर नाही, दोन्ही दिशांना आत द्यावा लागेल”. ‘-टीएक्सआयडी’ आणि ‘-आरएक्सआयडी’ म्हणजे त्या एकाच दिशेला (टीएक्स मॅककडून फायकडे, आरएक्स उलट) आत द्यावा लागेल, दुसरीकडचा ट्रेसमध्ये आहे. लिनक्सची रूढी अशी की आतला उशीर फायने द्यायचा. मॅकने स्वतः दिला तर फायला कळवताना मॅकच्या ड्रायव्हरने तेवढा भाग वजा करून मोड सांगायचा. थोडक्यात, ही ओळ बोर्ड कसा आहे ते सांगते. ड्रायव्हरने कोणतं रजिस्टर लिहावं, हा तिचा विषय नाही. वर्षानुवर्षं लोकांनी याचा उलटा अर्थ घेतला. २०२५ मध्ये इथरनेट-कंट्रोलरच्या सामायिक बाइंडिंगमध्येच हा खुलासा सविस्तर घालावा लागला, यावरून गोंधळ किती खोल होता ते कळेल.

तो खोल का गेला, तर चुकीची ओळ लिहूनही बोर्ड चालतात म्हणून. ॲथेरॉसच्या, म्हणजे पुढे क्वालकॉमच्या, एआर८०३एक्स जातीच्या फायमध्ये आरएक्सचा उशीर चिप सुरू होतानाच चालू असतो. ड्रायव्हर तो गरजेप्रमाणे चालू करायचा, पण बंद कधीच करायचा नाही. मग डिव्हाइस ट्रीत चुकून नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलेले बोर्डही बिनबोभाट चालत राहिले. २०१९ च्या सुरुवातीला ड्रायव्हर दुरुस्त झाला आणि लिहिलंय तसं वागू लागला, म्हणजे उशीर बंद करू लागला. कर्नल अपडेट करताच कित्येक बोर्डांचं नेटवर्क गेलं. दोष दिला गेला ड्रायव्हरला, चुकीची ओळ मात्र त्यांच्या स्वतःच्या डिव्हाइस ट्रीत होती.

आपल्याकडचाही एक प्रकार सांगतो, जालन्याच्या एका रोलिंग मिलमधला. भट्टीच्या मीटरचे आकडे गोळा करणारा गेटवे पॅनेलमध्ये बसवला. तिथल्या इलेक्ट्रिशियनचा फोन: “साहेब, लाइट तर लागायलीय, पण डेटा काही येईना झालाय.” हाच बोर्ड, हेच सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात व्यवस्थित चालत होतं. आधी सगळा संशय भट्टीवर, इतका करंट म्हटल्यावर नॉइज असणारच. केबल बदलली, शिल्डचं अर्थिंग तपासलं, काही फरक नाही. बोर्डवर ईथटूलचे (लिनक्समधल्या नेटवर्क तपासायच्या कमांडचे) काउंटर स्वच्छ, येणारी पाकिटं वाढतायत, जाणारीही वाढतायत, चूक एक नाही. स्विचच्या पोर्टचे काउंटर उघडले तेव्हा सीआरसीच्या चुकांचा (वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा) ढीग. म्हणजे बोर्डला ऐकू येत होतं, पण त्याचं बोलणं पलीकडे फाटून पोचत होतं. वेग १०० मेगाबिटवर आणला आणि सगळं सुरळीत.

कारण असं निघालं. त्या बोर्डवर टीएक्सचा उशीर एसओसीच्या एका रजिस्टरमधून बूटलोडर देत होता. जुन्या फायचा ड्रायव्हर ‘आरजीएमआयआय-आरएक्सआयडी’ वाचून स्वतःचा टीएक्स उशीर बंद ठेवायचा, म्हणून हिशेब जुळत होता. (आजच्या अर्थाने ती ओळही चूकच, कारण ट्रेसमध्ये उशीर नव्हता. पण चालत होतं.) २०२१ च्या चिपटंचाईत खरेदी विभागाने पिनला पिन जुळणारा दुसरा फाय आणला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेलाच नव्हता, त्यामुळे ‘जेनेरिक फाय’ने, म्हणजे कुठल्याही फायला चालणाऱ्या साध्या ड्रायव्हरने, ताबा घेतला. जेनेरिक ड्रायव्हर उशीराला हातच लावत नाही. स्ट्रॅप सांगेल तेच खरं, आणि स्ट्रॅपने टीएक्स उशीर चालू. बूटलोडरचे २ आणि फायचे २ मिळून ४ नॅनोसेकंद, म्हणजे क्लॉकची कड बरोबर पुढच्या तुकड्याच्या बदलावर. १०० च्या वेगाला क्लॉक २५ मेगाहर्ट्झ, एक आवर्तन ४० नॅनोसेकंदांचं, त्यात ४ इकडेतिकडे झाले तरी खपून जातात. ऑफिसातला स्विच जुना, १०० चाच. मिलमधला गिगाबिट. कंपनीच्या डॉक्युमेंटमध्ये या ओळीपुढे लिहिलेलं होतं: “फाय-मोड: डेटाशीटप्रमाणे.”

त्याजागी नोंद अशी हवी होती: “टीएक्स आणि आरएक्स ट्रेसमध्ये जादा लांबी नाही. टीएक्सचा उशीर एसओसीच्या रजिस्टरमधून बूटलोडर देतो, आरएक्सचा फाय देतो. फायचा टीएक्स-डिले स्ट्रॅप खाली ओढलेला असायला हवा. फायचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलमध्ये हवा, बूट लॉगमध्ये ‘जेनेरिक फाय’ दिसला तर थांबा. लक्षण: १०० वर चालतं, १००० वर लिंक येते पण पाकिटं पलीकडे सीआरसी चुकांसह पडतात, चुका स्विचवर दिसतात, बोर्डवर नाही. फाय बदलला तर ही नोंद पुन्हा लिहा.” पाच-सहा वाक्यं. एवढं असतं तर खरेदीवाल्याने ‘पिन जुळतात’ म्हटल्यावर कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला असता. तुमच्या बोर्डवर समजा रिअलटेकचा आरटीएल८२११एफ असेल, तर त्याचे टीएक्स आणि आरएक्स उशीराचे वेगळे स्ट्रॅप आहेत आणि लिनक्सचा ड्रायव्हर फाय-मोड बघून त्यावर मात करतो. स्ट्रॅप आणि ओळ यांत विसंगती असेल तर बूटलोडरमध्ये एक वागणूक आणि लिनक्समध्ये दुसरी मिळेल. दोन्ही लिहा.

रीसेटची ओळ दिसायला गरीब असते. पिन कोणती, लो असताना रीसेट की हाय असताना, किती वेळ धरायचं, सोडल्यावर किती थांबायचं. वेळ मायक्रोसेकंदांत असते आणि प्रॉपर्टीच्या नावाच्या शेवटी एककच असतं, तरी लोक डेटाशीटमधले १० मिलिसेकंद ‘१०’ म्हणून टाकतात. पिन आणि चिप यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर असेल तर ध्रुवता उलटते, म्हणून चिपच्या डेटाशीटवरून नको, स्कीमॅटिकवरून लिहा. आणि इथे बूटलोडरची सावली असते. बूटलोडरने रीसेट आधीच सोडलेला असेल तर कर्नलमधली चूक झाकली जाते. उद्या बूटलोडर बदलला, फाय रीसेटमध्येच राहिला, एमडीआयओ बस (फायची रजिस्टरं वाचायची तार) धुंडाळताना कर्नलला त्याचा आयडी वाचता आला नाही आणि “फाय सापडला नाही” म्हणून ड्रायव्हर परत गेला. तुमची नोंद खरी आहे का हे तपासायचं तर बूटलोडरमधलं नेटवर्क बंद करून एकदा थंड बूट (वीज तोडून पुन्हा चालू) करा.

फायचा पत्ता ० ते ३१ मधला असतो आणि तो स्ट्रॅपवर ठरतो. बऱ्याच चिपमध्ये हे स्ट्रॅप एलईडीच्याच पिनवर असतात. कुणी “हिरवा एलईडी मिळत नाही, दुसरा लावतो” म्हणून रेझिस्टरसकट सर्किट फिरवलं की पत्ताही फिरतो. पत्त्याच्या नोंदीत एलईडीचं नाव यायला हवं ते यासाठी.

इंटरप्ट (काही बदललं की फायने स्वतःहून कळवायची पिन) नसेल तर “नाही” असं लिहा. ओळच नसली की वाचणाऱ्याला कळत नाही, जोडलेला नाही की लिहायचा राहिला. नसेल तर कर्नल दर सेकंदाला फायची अवस्था विचारत राहतो, केबल काढल्याचं एक सेकंदाने कळतं. गेटवेला ते चालतं. तर लिहा: पिन जोडलेली नाही, मुद्दाम, पोलिंग पुरेसं आहे.

मॅक पत्त्याच्या (नेटवर्कवर बोर्ड ज्यावरून ओळखला जातो त्या क्रमांकाच्या) बाबतीत सगळा प्रश्न अग्रक्रमाचा आहे. यू-बूट हा बूटलोडर आपल्या एन्व्हायर्नमेंटमधला (साठवलेल्या सेटिंग्जमधला) पत्ता बूट करताना डिव्हाइस ट्रीत भरतो, पण त्यासाठी ट्रीत ‘इथरनेट०’ हा उपनाम असावा लागतो. तो नसेल तर गुपचूप काहीच भरलं जात नाही. मग कर्नल ट्रीतली प्रॉपर्टी, ईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) एनव्हीमेम सेल असं बघत जातो आणि काहीच न मिळाल्यास बहुतेक ड्रायव्हर यादृच्छिक पत्ता घेतात. दर बूटला नवा पत्ता, दर बूटला नवा आयपी, आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर जुन्या आयपीवर हाका मारत बसतं. नोंदीत हे हवं: पत्ता कुठे साठवलाय, कोणत्या ऑफसेटला, कारखान्यात तो कोण भरतो, लेबलवरचा आणि आतला सारखाच का. सामायिक डिव्हाइस ट्रीत खरा पत्ता कधीही लिहू नका, नाहीतर सगळी बॅच एकाच पत्त्याने बाहेर पडते. चाचणीसाठी लागलाच तर ०२ ने सुरू होणारा, म्हणजे स्थानिक बिट लावलेला, घ्या.

आता काय लिहायचं नाही. रिंग (पाकिटांची रांग) किती मोठी, इंटरप्ट किती वेळाने एकत्र करायचे, चेकसम कुणी करायचा, हे बोर्डचं वर्णन नाही. ती वापरणाऱ्याची निवड आहे, ईथटूलने बदलता येते. तिचं पान वेगळं ठेवा. त्या गोष्टी प्रॉपर्टी म्हणून ट्रीत घुसवल्या तर कर्नलचे मेंटेनर परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. पण सीमारेषा नीट ओळखा. ‘मॅक्स-स्पीड १००’ ही ओळ वरवर पसंतीची वाटते. गेटवेला डी-कोडेड एम१२ कनेक्टर असेल तर त्यात चारच पिना असतात, म्हणजे तारांच्या दोनच जोड्या. फाय गिगाबिटचा असला तर पलीकडच्या गिगाबिट स्विचशी बोलणी पहिल्या दोन जोड्यांवर यशस्वी होतात, १००० ठरतं, मग चार जोड्या लागतात तेव्हा लिंक काही येत नाही. इथे १०० ही बोर्डची वस्तुस्थिती आहे, ती ट्रीतच हवी, आणि नोंदीत तिच्यापुढे ‘कनेक्टर चार पिनी’ असं कारण हवं. नाहीतर पुढचा उत्साही माणूस “आपला फाय तर गिगाबिटचा आहे” म्हणून ती ओळ काढून टाकणार.

बाइंडिंगच्या यामलबद्दल थोडक्यात, कारण तुमची चिप आधीपासून कर्नलमध्ये असेल तर ती लिहिण्याची वेळ येणारच नाही. नवीन मॅकसाठी लिहायची झालीच तर सामायिक गोष्टी पुन्हा लिहू नका. इथरनेट-कंट्रोलर आणि इथरनेट-फाय यांच्या स्कीमा (नियमांच्या फाइली) आहेतच, त्यांचा संदर्भ द्या. स्वतःच्या प्रॉपर्टीला कंपनीचा उपसर्ग आणि मोजमाप असेल तर शेवटी एकक लावा. वर्णनात “लिनक्स ड्रायव्हर हे वाचतो” असं नको, कारण तीच ट्री यू-बूटही वाचतो. ‘डीटी-बाइंडिंग-चेक’ आणि ‘डीटीबीज-चेक’ या तपासण्या चालवूनच पाठवा. फाइलमधलं उदाहरणसुद्धा त्यात कंपाइल होतं, म्हणून ते कल्पित नको, चालणारं हवं. बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. आणि एकदा स्वीकारलं गेलं की तो करार होतो: साइटवरच्या फ्लॅशमधली जुनी डीटीबी (कंपाइल केलेली डिव्हाइस ट्री) नव्या कर्नलवरही चालली पाहिजे. नाव आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही, ‘डेप्रिकेटेड’ म्हणून खूण करून जुनं सांभाळावं लागतं.

कर्नलकडे जाईल ते इंग्रजीतच. बोर्डची नोंद मात्र बिनधास्त मराठीत लिहा, प्रॉपर्टीची नावं आहेत तशी ठेवून. लक्षणांचा भाग तर मराठीतच हवा, कारण तो फोनवरून इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवायचा असतो. ठेवायची कुठे? शेअर्ड ड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये नको. गिटमध्ये, डिव्हाइस ट्रीच्या फाइलशेजारी, म्हणजे ओळ बदलणाऱ्या कमिटमध्येच नोंद बदलली नाही तर रिव्ह्यूमध्ये लगेच दिसेल. वर बोर्डची रिव्हिजन टाका. फायला दुसरा पर्याय मंजूर असेल तर त्याचा वेगळा परिच्छेद करा, “किंवा समतुल्य” या शब्दांवर सोडू नका.

तुमच्या दहा-बारा ओळींपैकी फाय-मोड, रीसेट आणि मॅक पत्ता या तिघांना मिळून दोन पानं लागतील, उरलेल्यांना अर्धं पुरेल. जिथे कारण सापडत नाही तिथे “कारण माहीत नाही, संदर्भ बोर्डवरून उचललं” असंच लिहा. पुढच्या माणसाला निदान कळतं की ही ओळ हलवून बघायला हरकत नाही. आणि लेआउट करणारा माणूस अजून कंपनीत असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडून आरजीएमआयआयच्या क्लॉक आणि डेटा ट्रेसची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.